उच्छ्वासाची व्याधी आणि तिचे उपचार



उतारवयात ज्याला चालताना धाप लागते, विहिरीवरून घरी येईपर्यंत ज्याला दोनदा थांबावे लागते, अशा माणसाला आपल्या खेड्यापाड्यांतून सरसकट ‘दमेकरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. एकदा हे नाव चिकटले की घरची माणसे मनाशी धरून चालतात की, हा दम वयाबरोबर आला आहे आणि आता तो जन्माचा सोबती आहे. वस्तुतः अशांपैकी कित्येकांना दमा नसतोच. त्यांना एम्फिसीमा नावाची व्याधी जडलेली असते. शास्त्रीय परिभाषेत तिला वातस्फीती असे म्हणतात. ही व्याधी समूळ बरी होत नाही, हे खरे आहे. परंतु ‘बरी होत नाही’ याचा अर्थ ‘काही करता येत नाही’ असा घेतला जातो आणि या एका गैरसमजापायी पुष्कळ माणसे आपली अखेरची वर्षे विनाकारण कष्टात काढतात. म्हणून या व्याधीवर आज कोणकोणते उपचार उपलब्ध आहेत व त्यांपैकी कोणते कोणाला लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अतिशय पातळ व लवचीक असून त्यांच्यातूनच प्राणवायू रक्तात शिरतो. श्वास घेताना ते फुगतात आणि सोडताना आपोआप आक्रसतात. एम्फिसीमात या भिंती झिजून फाटतात आणि अनेक लहान कोशांची मिळून एकेक मोठी, सैल पिशवी बनते. सैल पिशवीला आक्रसण्याचा जोर उरत नाही. शिवाय आधार गेल्यामुळे लहान श्वासनलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटतात. परिणामी जुनी हवा आतच कोंडून राहते व नव्या श्वासाला जागा उरत नाही. रोगी श्वास घेता येत नाही म्हणून तळमळतो. खरी अडचण मात्र श्वास सोडण्यात असते. हवा कोंडून कोंडून छाती पिंपासारखी गोल होते. स्टेथॉस्कोपचा जनक फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या फुप्फुसांचे वर्णन करून ठेविले आहे.

दम्यात श्वासनलिका आवळतात आणि औषधाने बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. एम्फिसीमात फाटलेली भिंत पुन्हा जुळत नाही. जुनाट खोकल्याच्या विकारासह या व्याधीला डॉक्टर ‘सी.ओ.पी.डी.’ असे एकत्र नाव देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणनेप्रमाणे २०२१ साली या विकाराने जगात सुमारे ३५ लक्ष माणसे दगावली आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रम चौथा लागला.

याचे मुख्य कारण धूर हे होय. निपाणीची तंबाखू सर्वश्रुत आहे आणि बेळगावकडील कित्येक घरांत विडीचे सूप हेच रोजच्या भाकरीचे साधन आहे. त्या घरांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. तथापि विडीचा धूर सिगारेटहून सौम्य असतो, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही, अशा आपल्या आया-बहिणींनाही ही व्याधी होते. कारण वर्षानुवर्षे त्यांनी चुलीपुढे बसून लाकडांचा व गोवऱ्यांचा धूर घेतलेला असतो. डासांसाठी लावली जाणारी उदबत्तीही निरुपद्रवी नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, अशी एक वेटोळी उदबत्ती जळताना जेवढे सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून पडतात. क्वचित काही घराण्यांत रक्तातील एका रक्षक प्रथिनाची उणीव हेही कारण असते. तिचा शोध १९६३ साली स्वीडनमध्ये लागला. म्हणून तरुण वयातच कोणाला असा दम लागू लागल्यास डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

निदानासाठी केवळ छातीचा एक्स-रे पुरत नाही. स्पायरोमेट्री नावाची एक साधी परीक्षा आहे. रोग्याने एका नळीत जोराने फुंकावयाचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे यंत्राने मोजावयाचे. या परीक्षेत सुई टोचावी लागत नाही. बरोबर क्षयरोगाची शंकाही फेडून घ्यावी, कारण खोकला व रोडावणे ही लक्षणे दोन्हींत असतात.

आता उपचारांकडे वळू. पहिला आणि सर्वांत मोठा उपचार म्हणजे धूर बंद करणे. फ्लेचर व पीटो या इंग्रज संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले की, वयाबरोबर फुप्फुसांची शक्ती सर्वांचीच थोडीथोडी उतरते, पण धुराने बाधलेल्या माणसाची ती फार वेगाने उतरते. त्याने धूम्रपान सोडले तर गेलेली शक्ती परत येत नाही, परंतु उताराचा वेग न ओढणाऱ्या माणसाइतका मंदावतो. ‘आता साठी उलटल्यावर विडी सोडून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्या आजोबांना याहून चांगले उत्तर नाही. व्यसन सुटत नसल्यास निकोटिनची गोळी चघळावयास मिळते. शिवाय १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. स्वयंपाकघराचाही विचार करावा. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरांत गॅस आला. पण चहापुरता गॅस आणि भाकरी व आंघोळीचे पाणी मात्र चुलीवर, अशी वाटणी अजून अनेक घरांत आहे. ज्या घरात दम लागणारे माणूस आहे, तेथे तरी चूल घराबाहेर न्यावी.

दुसरा उपचार म्हणजे श्वासावाटे घ्यावयाची औषधे, ज्यांना आपण ‘पंप’ म्हणतो. पंपाची सवय लागते व तो अखेरचा उपाय आहे, अशी भीती घरोघर दिसते. ती निराधार आहे. पंपातील औषध थेट फुप्फुसात जाते. त्यामुळे गोळीपेक्षा त्याची मात्रा पुष्कळच कमी लागते व शरीराला त्रासही कमी होतो. पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामॉलसारखा पंप तात्काळ आरामासाठी असतो, तर दुसरा दीर्घकाळ काम करणारा असून तो बरे वाटत असले तरी रोज घ्यावयाचा असतो. ज्यांना वरचेवर जोराचे उपद्रव होतात, अशांना डॉक्टर स्टेरॉइडयुक्त पंपही देतात. पंप घेण्याची रीत चुकली तर औषध जिभेवरच राहते. साधा दाबावयाचा पंप प्रथम हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश श्वास घेतानाच पंप दाबावा आणि जमल्यास दहापर्यंत अंक मोजेतो श्वास रोखून धरावा. वृद्धांना हा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी पंपाला जोडावयाचे एक प्लॅस्टिकचे नळकांडे मिळते, ते अवश्य घ्यावे. कोरड्या पुडीच्या यंत्राची रीत वेगळी आहे. त्यात श्वास जोराने ओढावा लागतो. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकण्यास विसरू नये.

येथेच एक इशारा देणे अगत्याचे वाटते. दम्यावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस चमत्कार वाटतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. स्टेरॉइडच्या गोळ्यांना उपचारांत स्थान आहे, पण ते मर्यादित. व्याधी अकस्मात बळावली असता बहुधा पाच दिवसांच्या गोळ्या पुरतात, असे २०१३ सालच्या अभ्यासात सिद्ध झाले आहे. धाप एकाएकी वाढणे, कफ अधिक पडणे किंवा पिवळा-हिरवा होणे, ही डॉक्टरांकडे त्वरित जाण्याची लक्षणे समजावीत. असे प्रसंग टाळण्यासाठी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस टोचून घ्यावी.

तिसरा उपचार व्यायामाचा. धाप लागते म्हणून रोगी बसून राहतो, बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे धाप आणखी लवकर लागते. हे चक्र मोडले पाहिजे. अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा रोग्यांना पद्धतशीर चालावयास लावले, आणि आज फुप्फुसांचे पुनर्वसन ही मान्य उपचारपद्धती आहे. डॉक्टरांना विचारून रोज सपाट वाटेवर चालावे, धाप लागली की थांबावे आणि पुन्हा चालावे. श्वास नाकाने घ्यावा व शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून, घेण्यास लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. त्यामुळे श्वासनलिका मिटत नाहीत व कोंडलेली हवा बाहेर पडते. धाप लागली असता खुर्चीवर पुढे झुकून कोपरे गुडघ्यांवर टेकावीत. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतल्यानेही आराम पडतो. पोट भरून जेवल्यास श्वासाला अडचण होते, म्हणून थोडे थोडे, पण सकस अन्न वरचेवर द्यावे. या व्याधीत वजन घटू देणे धोक्याचे आहे.

चौथा उपचार प्राणवायूचा. ‘ऑक्सिजन लावला म्हणजे आता सारे संपले’ असे आपण समजतो. १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नेमके उलट दाखविले. ज्यांच्या रक्तात प्राणवायूची तीव्र उणीव होती, अशांपैकी ज्यांना दररोज किमान १५ तास प्राणवायू दिला, त्या ४२ जणांपैकी ५ वर्षांत १९ दगावले. ज्यांना दिला नाही, त्या ४५ जणांपैकी ३०. तथापि हा उपचार सर्वांसाठी नव्हे. स्वस्थ बसले असता ज्यांचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली राहते, त्यांनाच मुख्यतः तो लागतो. उणीव सौम्य असल्यास लाभ होत नाही, असे २०१६ सालच्या मोठ्या अभ्यासात आढळले. २०२१ च्या साथीत पुष्कळ घरांत प्राणवायूची यंत्रे आली, ती या रोग्याला मनाने लावू नयेत. अतिरिक्त प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रोगी गुंगीत जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर ८८ ते ९२ टक्के एवढेच प्रमाण राखतात. आणि यंत्र चालू असता त्या खोलीत विडी, चूल किंवा घरच्या वेदीवरची मेणबत्तीसुद्धा पेटवू नये. प्राणवायूने आगीचा भडका उडतो.

शस्त्रक्रिया हा थोड्यांसाठी असलेला उपचार आहे. फुप्फुसाचा फार फुगलेला भाग कापून काढला की उरलेल्यास जागा मिळते. अमेरिकेत १,२१८ रोग्यांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, व्याधी मुख्यतः वरच्या भागात असून ज्यांची श्रमशक्ती फार कमी होती, त्यांना याचा खरा लाभ झाला. अतिशय खालावलेल्या काही रोग्यांना उलट अपाय झाला. छाती न उघडता दुर्बिणीतून श्वासनलिकेत झडपा बसविण्याची रीतही आता आहे. तिला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. फुप्फुसांचे प्रत्यारोपण अगदी निवडक रोग्यांवरच करतात. या मार्गांविषयी मोठ्या रुग्णालयातील छातीच्या तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावाचून शेत विकण्याची घाई कोणी करू नये.

वाचकहो, वरील यादीत सर्वांत मोठा लाभ देणाऱ्या गोष्टी पाहा: धूर बंद करणे, पंप योग्य रीतीने घेणे, रोज चालणे, लस टोचणे. यांपैकी बहुतेक गोष्टी घरातल्या माणसांच्या साह्यावाचून घडत नाहीत. नातवाने आजोबांबरोबर रोज ओढ्यापर्यंत चालावे. सुनेने सासूबाईंचा पंप कसा घेतला जातो, हे एकदा नीट पाहावे. मुलाने बापासमोर तरी विडी पेटवू नये. देवळातही अशा माणसाला दाराजवळ, जेथे धूप कमी पोहोचतो तेथे, जागा द्यावी व गुडघे टेकण्याचा आग्रह धरू नये. बसून केलेली प्रार्थना देव तितक्याच प्रेमाने ऐकतो. तुमच्या घरी किंवा शेजारी असा कोणी ‘दमेकरी’ असेल, तर त्याची स्पायरोमेट्री झाली आहे काय, एवढे याच आठवड्यात विचारा. झाली नसेल तर त्याला घेऊन जा.