मद्याच्या पेढीवरील सरस्वती

परवां आमच्या घरीं धाकट्या पुतण्यानें आगपेटींत एक हिरवा किडा कोंडून आणला व त्याचें नांव काय म्हणून तो घरभर विचारीत फिरला. कोणीं 'टाकून दे' म्हटलें, कोणीं 'हात धू' म्हटलें. नांव मात्र कोणासच सांगतां आलें नाहीं. वडिलकीच्या जोरावर प्रश्न परतवून लावणारांत आम्हींही होतों, हें कबूल केलें पाहिजे. असल्याच बारीकसारीक प्रश्नांना आदरानें जागा देण्यासाठीं मुंबईंत एक संस्था निघाली होती. तिची हकीकत त्या रात्रीं आम्हांस वारंवार आठवली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १८८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या १५ तारखेस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें (आज त्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात) आठ गृहस्थ जमले. महिन्यांतून एकदां भेटावें, पशुपक्षी, कीटक व वनस्पति यांसंबंधीं जें पाहिलें असेल तें एकमेकांस सांगावें, आणलेले नमुने दाखवावे, एवढाच बेत. हीच मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकीं सहाजण युरोपियन होते. उरलेले दोघे म्हणजे प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. युरोपियनांतील एटकिन साहेबांसही अगदींच परके म्हणवत नाहीं. त्यांचा जन्म साताऱ्याचा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ते कांहीं काळ लॅटिन शिकवीत असत. 'ईहा' या टोपणनांवानें त्यांनीं लिहिलेलें पहिलें पुस्तक त्याच वर्षीं निघालें. त्यांत वाघसिंह नाहींत. बंगल्यांत बिनभाड्यानें राहणारे उंदीर, मुंग्या, पाली व कावळे आहेत. ओसरीवर बसूनही शास्त्र करतां येतें, हें ज्यास पटत नसेल त्यानें तें अवश्य वाचावें.

संग्रहालयांतील बैठका कांहीं महिनेच चालल्या. १८८४ च्या जानेवारींत फिप्सन नांवाच्या व्यापाऱ्यानें फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या पेढींतील एक खोली संस्थेस दिली. पेढी कशाची, तर विलायती मद्याची! आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास येथें आठी पडेल. परंतु सरस्वतीनें सोंवळेंओंवळें पाहिलें नाहीं, ही गोष्ट खरी. पुढें बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर गेलें. तेथें फिप्सन साहेबांच्या खुर्चीमागें विल्यम नांवाचा एक राजधनेश पिंजऱ्यांत असे. तो १८९४ सालीं कारवारहून पिलूं म्हणून आला, तो १९२० पर्यंत राहिला. पदाधिकारी आले आणि गेले, विल्यम आपल्या जागीं कायम. संस्थेच्या मुद्रेवर आजही धनेशच आहे.

डॉ. सखाराम अर्जुन यांना मात्र संस्थेचा सहवास फार लाभला नाहीं. १८८५ सालींच ते वारले. त्यांच्या पत्नीची पहिल्या विवाहाची मुलगी म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षीं तिचें लग्न झालें होतें, तरी ती सासरीं न जातां सावत्र वडिलांच्या घरींच वाढली व शिकली. १८८४ सालीं पतीनें तिला नांदावयास पाठविण्याचा दावा लावला आणि सारा देश त्या खटल्यानें हादरला. भरकोर्टांत ती ठाम राहिली. पण जो तिच्या पाठीशीं उभा राहिला होता तो पुरुष खटल्याच्या आरंभींच गेला. पुढें तिला आधार झाला तो डॉ. एडिथ पीची यांचा. एडिंबरो येथें वैद्यक शिकण्यासाठीं झगडलेल्या सात स्त्रियांपैकीं या एक. १८८३ सालींच त्या मुंबईस आल्या व १८८९ सालीं त्याच मद्यव्यापारी फिप्सन साहेबांशीं विवाहबद्ध झाल्या. त्याच वर्षीं रखमाबाई इंग्लंडास गेल्या आणि १८९४ सालीं डॉक्टर झाल्या. फुलपांखरें टोंचून ठेवणाऱ्या मंडळींच्या घरांतून एका मुलीची वाट निघावी, हें संस्थेच्या कोणत्याच नियमांत लिहिलेलें नव्हतें.

१८८६ च्या जानेवारींत संस्थेचें नियतकालिक सुरू झालें, तें अद्याप चालूं आहे. १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी झाली. सुमारें २५,००० नमुने गोळा झाले. शिकारी हौशीचा वांटा यांत मोठा होता, हें झांकण्याचें कारण नाहीं.

आणि मग १९०८ सालची गोष्ट. खेतवाडींत अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या मोठ्या कुटुंबांत एक पोरका भाचा वाढत होता. त्यानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी, असें त्यानें मामांस विचारलें. मामांस ठाऊक नव्हतें. 'टाकून दे' असें मात्र ते म्हणाले नाहींत. ते सोसायटीचे सभासद होते. त्यांनीं चिटणीस मिलर्ड यांस चिठ्ठी लिहून पोरास एकटेंच पाठविलें. कागदांत गुंडाळलेली चिमणी घेऊन तो बिचकत आंत गेला. मिलर्ड साहेबांनीं तिचें नांव सांगितलें, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले व वाचावयास पुस्तकें दिलीं. तो मुलगा म्हणजे सलीम अली. १९४१ सालीं त्यांचें हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील पुस्तक आलें. आणि स्वातंत्र्यानंतर संस्था पैशावांचून डबघाईस आली तेव्हां पंडित नेहरूंकडे शब्द टाकून तिला मदत मिळवून देणारेही तेच.

या भेटीच्याही आधीं त्या मुलानें एक टिपण करून ठेविलें होतें. तबेल्यांतील घरट्यावर राखण करणारा चिमणा त्यानें मारला, मादीनें दुसरा आणला, तोही मारला. सात दिवसांत आठ. लिहितांना त्याला आपल्या नेमबाजीचाच अभिमान होता. सुमारें साठ वर्षांनीं तें टिपण जसेंच्या तसें छापलें गेलें, कारण जोडीदार गमावतांच चिमणी किती त्वरेनें दुसरा मिळविते याची ती तारीखवार नोंद होती.

आमच्या पुतण्याची आगपेटी अजून खिडकींत आहे. किडा दुसऱ्या दिवशीं उडून गेला.