गोठा आणि बोडी

धानाच्या शेतांत पावसाचें पाणी अडवून केलेल्या लहान तळ्यास भंडारा-गोंदियाकडे बोडी म्हणतात. बोडी एकीकडे व गोठा दुसरीकडे, ही आपली जुनी रीत. गोठ्यांतील शेण उकिरड्यावर उन्हापावसांत पडून त्याचें सत्त्व वाहून जातें. आणि धानास पाणी देऊन झालें कीं बोडीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. या दोहोंची सांगड घालून लहान शेतकऱ्यानें बोडींत मासे पाळावे, असें आमचें मत आहे.

मासा केवळ शेण खाऊन वाढतो, असा समज करून घेऊन पुष्कळ लोक नाक मुरडतात. वस्तुतः शेणखतावर पाण्यांत सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात, आणि मुख्यत्वें या दोहोंवर मासा वाढतो. शेणखताच्या शेतांतील भात जो आनंदानें जेवतो, त्यानें या माशास नांवें कां ठेवावीं? कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. म्हणून तिन्ही एकत्र सोडले तरी एक दुसऱ्याच्या ताटांत सहसा हात घालीत नाहीं. बांधावर बदकें ठेविलीं तर तीं गोगलगाई व किडे वेंचतात, पाणी हालतें ठेवितात, आणि त्यांचें खत आपोआप पाण्यांत पडतें. एक हेक्टर पाण्यास ५ ते ६ गाईंचें शेण, अथवा २०० ते ३०० बदकें, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे १० गुंठ्यांच्या बोडीस २०-३० बदकें बस्स झालीं; किंवा एका गाईचें निम्म्याहून थोडें अधिक शेण पुरे होतें. ज्याच्या दारीं एकच गाय आहे, त्यासही हा उद्योग साधेल.

मात्र अधिक शेण म्हणजे अधिक मासे, हें गणित येथें चालत नाहीं. शेण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो. मग ढगाळ दिवसांनंतर पहांटे मासे वर येऊन धापा टाकूं लागतात. पाण्यांत कोंपरापर्यंत हात बुडवावा. हिरवेपणामुळें तळवा दिसेनासा झाला तर शेण बंद ठेवावें. ही परीक्षा कोणाही मुलास करतां येईल. बदकें असल्यास सोडावयाचीं बोटुकलीं दहा सेंटिमीटरांहून मोठीं असावीं, नाहींतर बदकेंच त्यांचा फन्ना उडवितील. ज्या बोडीचें पाणी माणसें पितात तींत हा प्रयोग मुळींच करूं नये. आणि जनावरास औषध चालूं असतां त्याचें शेण पाण्यांत टाकूं नये.

बोडी उन्हाळ्यांत आटते, असा आक्षेप कोणी घेईल. पावसाळ्यांत बोटुकलीं सोडून पाणी आटण्यापूर्वीं मासे काढावे, आणि उरलेला गाळ शेतांत न्यावा. म्हणजे खताचा शेवटला अंशही धानास मिळतो. बीजाचीही पूर्वींची अडचण आतां राहिली नाहीं. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं या जातीच्या माशांचें प्रेरित प्रजनन यशस्वी केलें. तत्पूर्वीं हें बीज मुख्यतः नद्यांतून धरून आणावें लागे.

खरी अडचण मनांतली आहे. शिकलेल्या मुलाच्या हातास शेण लागूं नये, मासे धरणें हें ढिवरांचें काम, अशा समजुती घरोघर आहेत. पालकहो, मुलगा शाळेंत घातला तो शेणापासून सुटण्यासाठीं, कीं त्या शेणाचें मोल समजण्यासाठीं? एका धानावर सारी भिस्त ठेवणाऱ्या घरीं एक पाऊस चुकला कीं कर्ज येतें, आणि थोरला मुलगा नागपूरची वाट धरतो. बोडी सर्व संकटें टाळील असें आम्ही म्हणत नाहीं. पण घरांत दुसरी मिळकत व मुलांच्या ताटांत सकस अन्न ती खचित आणील. आणि जाळें कसें टाकावें, पाणी कसें ओळखावें, हें विद्यार्थ्यांनीं ढिवर बांधवांकडे नम्रपणें जाऊन शिकावें. त्यांत कमीपणा कसला?

प्रभूनें पांच भाकरी व दोन मासे यांनीं हजारोंस तृप्त केलें, आणि मग उरलेले तुकडे गोळा करविले. ज्याच्या हातीं एवढी विपुलता, त्यानेंही कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं. आपल्या उकिरड्यांवरून दर पावसाळ्यांत काय वाहून जातें, याचा विचार आपण केव्हां करणार? विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टींत आपली बोडी मोजा, तींत पाणी किती महिने राहतें तें वडिलांस विचारा, आणि तें टिपण वर्गांत घेऊन या.