उत्सवाची लाज कोणी राखायची?

वाकाटकांच्या वत्सगुल्माचा, म्हणजेच आजच्या वाशीमचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात असो वा पुण्या-मुंबईत, विसर्जनाच्या रात्री एकच चित्र दिसते. सायलेन्सर काढलेल्या दुचाकी, भिंती हादरवणारा डीजे, मद्यधुंद झुंडी आणि पुढे नाचण्याच्या जागेवरून हातघाई. घरातील लेकी-सुना गणरायाला निरोप देण्यासाठी रस्त्यावर येण्यास कचरतात. जिच्यात आईबहिणीला भय वाटते, ती मिरवणूक धर्माची कशी?

यावर मंडळांचे ठरलेले उत्तर असते : "ती बाहेरची टवाळ पोरे, आमचे कार्यकर्ते नव्हेत." बक्षीस मिळाले की तीच गर्दी 'आमची शक्ती' असते; डोके फुटले की ती परकी होते! ही पळवाट आता बंद झाली पाहिजे. ज्याच्या ध्वजाखाली गर्दी जमते, त्यानेच तिच्या वर्तनाचे उत्तरदायित्व घेतले पाहिजे.

हे अशक्य आहे काय? वऱ्हाडाने याचे उत्तर कधीच दिले आहे. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. तेथील तरुणांनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. मनगटात बळ त्यांच्याही होते. पण आखाड्याने बळाआधी संयम शिकविला.

जुने दाखले नको असतील, तर मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातले जनवार गाव पाहावे. परदेशात रस्त्यावरच्या उनाडांचा म्हणून हिणवला गेलेला स्केटबोर्डचा खेळ तेथे २०१५ मध्ये आला. त्याबरोबर दोन नियम आले : शाळा नाही तर खेळ नाही, आणि आधी मान मुलींचा. ज्या खेळामागे ना पुराण ना परंपरा, त्याला जे सुचते ते शतकाहून अधिक वारसा मिरविणाऱ्या मंडळांना सुचू नये?

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हे नियम २००० सालापासून आहेत. परंतु पोलिसांच्या काठीने आलेली शिस्त काठीबरोबरच निघून जाते. शिस्त आतून यावी लागते. मंडळाने स्वयंसेवकांची नावे आधी जाहीर करावीत. मद्य घेतलेल्यास मिरवणुकीत थारा देऊ नये. हात उगारणारा पदाधिकाऱ्याचा पुत्र असला तरी त्याला पुढील वर्षी दूर ठेवावे. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवावी आणि मिरवणूक कशी झाली याचा निवाडा वस्तीतील मातृशक्तीकडे सोपवावा.

लोकमान्यांनी ज्या उत्सवाला राष्ट्रकार्याचे व्यासपीठ बनविले, त्याची विटंबना शत्रूने केली असती तर समाज पेटून उठला असता. आपल्यांनीच केली म्हणून ती क्षम्य ठरत नाही. विघ्नहर्त्याच्या नावाने रस्त्यावर विघ्न उभे करणाऱ्यास रोखणे हा उत्सवाचा विरोध नव्हे. तीच खरी गणेशपूजा होय.