मांजरांची प्रतिकारशक्ती : चूर्ण की व्यवस्था?

अलिबाग-रेवदंड्याकडील पेठेत धान्याच्या वखारीच्या आश्रयाने चार-पाच मांजरे सहज वाढतात. पावसाळ्यात एखादे शिंकू लागले, त्याचे डोळे चिकटू लागले, की जीवदयेने कळवळलेले घर सर्वांसाठीच शक्तिवर्धक चूर्ण आणते. हेतू शुद्ध असतो. तरी जमाखर्च तपासलेला बरा.

या सर्दीमागे पुष्कळदा हर्पिस विषाणू असतो. त्यावर लायसिन वर्षानुवर्षे दिले गेले. परंतु २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा त्याचा गुण आढळला नाही. हा विषाणू शरीरात सुप्त राहतो आणि गर्दी, भांडणे, ताण यांमुळे पुन्हा उसळतो. म्हणून अनेक मांजरांच्या घरात खरे बळ व्यवस्थेचे : प्रत्येकास वेगळी थाळी, मातीची पात्रे मांजरांच्या संख्येहून एक अधिक, नव्या मांजरास दोन आठवडे स्वतंत्र खोली आणि वेळेवर लसीकरण.

एक घटक मात्र अपरिहार्य आहे, तो टॉरिन. मांजराचे शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही आणि दूध-भातातून तो पुरेसा मिळत नाही. त्याच्या अभावी दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली उघड झाला. कृत्रिम टॉरिन मिळते, पण मांजराला प्राणिज आहारातील अन्य घटकही लागतात. म्हणून शाकाहारी घराने मांजराचा आहार पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावा. आश्रित जीवाचे पोट भरले, पण पोषण झाले नाही, तर ती दया अपुरीच राहते.