'सेटल्ड' म्हणजे चुकते नव्हे

जुन्या वहीतील एखादे रखडलेले खाते आपण तडजोडीने मिटवतो आणि दिवाळीला नवी वही पूजतो. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले की उरलासुरला कडवटपणाही जातो. बँकेच्या दप्तरात मात्र तडजोड वेगळ्या अर्थाने नोंदली जाते, आणि हे आपल्या कुटुंबांना बहुधा गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावरच कळते.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. शेतकऱ्यांची उधारी थकली. तिच्यामागे बियाणे-खते विकणाऱ्यांचे हप्तेही थकले. दारव्ह्याकडील माझ्या परिचयाच्या एका कृषी केंद्रचालकांनी पुढे बँकेशी एकरकमी तडजोड केली. काही रक्कम त्यांनी भरली, उरलेली बँकेने सोडली. अलीकडे मुलासह घरासाठी अर्ज केला, तेव्हा पतअहवालात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा निघाला. पूर्ण फेड झाली असती, तर तेथे 'क्लोज्ड' असते. "मी कोणाला फसवले नाही," असे ते वारंवार म्हणत होते. ते खरेच आहे. पण अहवालात हेतूचा रकाना नसतो.

अशा वेळी ऐपत असल्यास सोडलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवावी, भरणा करून 'नो ड्यूज' दाखला घ्यावा आणि शेरा बदलण्याची विनंतीही लेखीच करावी. मागील विलंब त्याने लगेच पुसला जात नाही. सिबिलच्या अहवालात छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांचा इतिहास दिसतो. शुल्क घेऊन गुण वाढवून देण्याची हमी देणाऱ्यांच्या नादी लागू नये.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अहवाल पाहताना आपण कोणाला जामीन राहिलो आहोत, तेही तपासावे. भाच्यासाठी, व्याह्यांसाठी केलेली सही आपण विसरतो. कर्ज थकले की तिची झळ आपल्या पतीलाही लागते.

आणखी एक अप्रिय गोष्ट. व्यापाऱ्याला गृहकर्ज देताना बँका साधारणतः दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात. कर वाचावा म्हणून ज्यांनी तेथे उत्पन्न आखडून दाखवले, त्यांची कर्जपात्रताही तेवढीच आखडते. मग दुकानातील गर्दीचा दाखला उपयोगी पडत नाही.

आमच्या परिचितांनी उरलेली रक्कम भरली, शेराही बदलला. नवा अर्ज मात्र त्यांनी अजून केलेला नाही. यंदाचे विवरणपत्र पूर्ण उत्पन्न दाखवून भरल्यावरच तो करायचा, असा मुलाचा आग्रह आहे.