आज्ञार्थ मराठीतूनच शिकवावा

पेडणे तालुक्यातील हरमल गावाला पर्यटकांच्या नकाशात ‘आरंबोल’ म्हणतात. माणसाला ही दोन्ही नावे एकाच किनाऱ्याची वाटतात. संगणकाला वाटत नाहीत. ज्या फाइलीत ‘आरंबोल’ लिहिले आहे तीत ‘हरमल’ शोधायला सांगितले, तर तो काहीही न सापडल्याचे कळवतो. त्याला अर्थ ठाऊक नसतो, तो केवळ अक्षरे जुळवून पाहतो. म्हणून अक्षरे कोण लिहितो आणि शोधण्याची आज्ञा कोण देतो, हा आपल्या भाषेचाही प्रश्न आहे.

चित्रांवर बोट न ठेवता, शब्द टंकून संगणकाला आज्ञा देण्याच्या रीतीस कमांड लाइन म्हणतात. गोव्याच्या शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्याची शासकीय योजना २०२१ मध्ये सुरू झाली. त्या शिक्षणाचा पाया ही कमांड लाइन असावी आणि पेडणे-डिचोलीपासून कारवार, बेळगाव, निपाणीपर्यंतच्या मराठी मुलांना ती मराठीतून समजावून द्यावी, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : त्यासाठी आधी इंग्रजी पक्के हवे. या आज्ञा मुळात इंग्रजी तरी आहेत काय, ते पाहू. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्स या संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकारास येऊ लागली. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप यंत्रावरून, आणि ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी. साहजिकच आज्ञा आखूड झाल्या. यादी दाखवण्यासाठी ‘एलएस’, प्रत काढण्यासाठी ‘सीपी’, हलवण्यासाठी ‘एमव्ही’, पुसण्यासाठी ‘आरएम’. मजकुरात शोधण्याची ‘ग्रेप’ ही आज्ञा तर एका जुन्या संपादकातील तीन खुणा जोडून बनली. यांतले काहीच इंग्रजी शब्दकोशाच्या भरवशावर कळत नाही. लंडनच्या मुलालाही हे संकेत पाठच करावे लागतात. मग आपल्या मुलाने ते इंग्रजीच्या उंबरठ्यावर ताटकळत राहून का शिकावेत?

खरी अडचण शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे, आणि ती मराठी व्याकरणाच्या आधारेच नीट सांगता येते. कमांड लाइनवरचे प्रत्येक वाक्य आज्ञार्थी असते. ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यातील शब्दांचा क्रम बदलून ‘रावणाला रामाने मारले’ म्हटले, तरी मारणारा राम तो रामच राहतो; कारण विभक्तिप्रत्यय प्रत्येकाचे नाते सांभाळतात. संगणकाच्या आज्ञेत प्रत्यय नाहीत. तेथे क्रियापद आरंभी येते आणि पुढच्या शब्दांचे नाते त्यांच्या जागेवरून ठरते. ‘सीपी जुनी नवी’ म्हणजे ‘जुनी’ या फाइलीची प्रत ‘नवी’ या नावाने कर. हाच क्रम उलटला, तर जुन्या फाइलीतील मजकुरावर नवा मजकूर बसतो आणि संगणक सहसा विचारतही नाही. ‘आरएम’ने पुसलेली फाइल तर केराच्या टोपलीतही सापडत नाही. जेथे आपण प्रत्यय लावतो तेथे संगणक जागा पाहतो, एवढे एक सूत्र विद्यार्थ्याच्या मनात रुजले, की अर्धी वाट सरली.

दुसऱ्या टोकाचा आग्रहही मला मान्य नाही. सर्वच आज्ञांचे मराठीकरण करावे, असे काही भाषाप्रेमी म्हणतात. हौसेने तसे करता येते; ‘एलएस’ला ‘यादी’ असे टोपणनाव देण्याची सोय लिनक्सवरील बॅश या कवचात आहेच. परंतु ते नाव त्या एका संगणकापुरते राहते. दुसऱ्या यंत्रापुढे बसताच मूल परके होईल. आज्ञा जगाच्याच असू द्याव्यात. स्पष्टीकरण, टिपणे, फाइलींची नावे आणि आतील मजकूर मात्र मराठीत असावा.

असे काम करू लागले म्हणजे आपल्या लिपीचेही काही प्रश्न हाती लागतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकता येतो : एकदा स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, तर एकदा साध्या ‘र’पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. ‘ग्रेप’ला ते दोन निराळे शब्द वाटतात. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला किनारा दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडत नाही. हा दोष कोण दाखवून देणार? ज्याला मराठी लेखन आणि संगणकाची आज्ञा, दोन्ही अवगत आहेत, तोच. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. तेव्हा लिपीचे हे काम दोघींनाही उपयोगी पडेल.

आरंभ अगदी लहान असावा. एखादा जुना संगणक, त्यावर विनामूल्य मिळणारे लिनक्स, आठ-दहा आज्ञा आणि मराठीतील एक पाठ. हरमलच्या मुलांनी आपल्या वाड्यांची, शेतांची, माशांची नावे गोळा करून फाइलींत लिहावीत, ती क्रमाने लावावीत, शोधावीत. आज हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे लॅपटॉप उघडून जगभरची कामे करतात आणि गाव त्यांना खोल्या नि दुचाक्या भाड्याने देते. त्या व्यवसायात उणेपणा नाही. पण आपल्या मुलांपुढे तेवढीच एक वाट असू नये. परक्या भाषेची वाट पाहत बसलेले मूल यंत्राचे गिऱ्हाइकच राहते. ‘कर’, ‘दाखव’, ‘शोध’ हे आज्ञार्थ त्याला घरातच मिळालेले आहेत. ते यंत्रापुढे वापरायला शिकवणे एवढेच शाळेकडे उरते.