मोनेचं तळं, आजीचा डोळा

पॅरिसला गेल्यावर आयफेल टॉवरसमोर फोटो काढणं कंपल्सरी असतं. तो काढून झाला. मग शनिवारी सकाळी मैत्रिणीला झोपेतून ओढून काढलं आणि गाठलं सां-लाझार स्टेशन. तिथून व्हेर्नोंपर्यंत ट्रेनने पाऊणएक तास, पुढे थोडा वेळ बस, की आलं जिव्हर्नी. चित्रकार क्लोद मोनेचं गाव!

मोने इथे १८८३ मध्ये आला तो भाडेकरू म्हणून. पैसे जमल्यावर १८९० मध्ये त्याने घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये पलीकडची जमीन. तिथे नदीच्या फाट्याचं पाणी वळवून त्याला तळं करायचं होतं. गावकरी भडकले. ही परदेशी झाडं म्हणे आमचं पाणी नासवतील! साहेब बधले नाहीत. तळं झालं, कमळं लागली, जपानी पद्धतीचा हिरवा पूलही आला. म्हणजे या माणसाने आधी निसर्ग लावला आणि मग तो रंगवला. नुसत्या कमळांचीच सुमारे २५० चित्रं!

जुलैतली गर्दी, पुलावर फोटोसाठी ढकलाढकली. तरी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी राहिले. १८९९ च्या चित्रांत हाच पूल हिरवागार आहे. वीसएक वर्षांनंतरच्या चित्रांत मात्र तो लाल-तपकिरी, पेटल्यासारखा दिसतो. मोनेला मोतीबिंदू झाला होता. निदान १९१२ मध्ये झालं, पण ऑपरेशनची भीती! ट्यूबवरची लेबलं बघून रंग घ्यायचा, पण डॉक्टर नको. शेवटी १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

हे सगळं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. ऐकलेलंच होतं, आमच्याच घरी. आजी दोन वर्षं ऑपरेशन टाळतेय. 'आता या वयात काय बघायचंय?' हे तिचं पेटंट उत्तर.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

"आजी, तळं बघ. कमळं दिसतायत?"

"सगळं पिवळट दिसतंय गं. तुझा फोन बिघडलाय."

फोन ठणठणीत होता. माझाच घसा दाटून आला. मग तिला मोनेची गोष्ट सांगितली, अकरा वर्षांच्या चालढकलीसकट.

"मग? ऑपरेशननंतर दिसलं का त्याला नीट?"

खोटं बोलवेना. "आधी खूप कुरकुर केली त्याने. सगळं निळंच दिसतंय म्हणायचा. मग रंगीत काचांचा चष्मा लावला आणि परत चित्रं काढायला बसला."

पलीकडे शांतता. माझ्यामागे पुलावरची रांग वैतागलेली.

"कुरकुर तर मीही करणार," आजी म्हणाली. "आल्यावर डॉक्टरांची वेळ घे. आणि फुलांचे फोटो नीट जपून ठेव. नंतर बघीन."